‘पुन्हा केव्हा?’ हा रकाना

(एका स्मृती व्याख्यानमालेत जानेवारी 2026 मध्ये दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी ज्यांच्या आठवणीने आपण या सभागृहात जमतो, त्या सरांच्या अकरा वह्या गेल्या वर्षी त्यांच्या घरच्या काकूंनी माझ्या हवाली केल्या. साध्या दोनशे पानी वह्या. प्रत्येक पानावर पट्टी लावून आखलेले सहा रकाने: तारीख, वेळ, जागा, आकाश, काय दिसलं, आणि सगळ्यात शेवटी ‘पुन्हा केव्हा?’. ग्रहण असो, युती असो की उल्कावर्षाव, हा शेवटचा रकाना भरेपर्यंत नोंद पुरी झाली असं सर धरत नसत. ते गणित शिकवायचे. आकाशात जे दिसतं ते हिशेबाने दिसतं, आणि हिशेब कळला असेल तर पुढची तारीख सांगता आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांची दुसरी एक सवय मला लहानपणी कोड्यात टाकायची. ढगाळ रात्रीही ते वही उघडत. ‘आकाश: पूर्ण झाकलेलं. काय दिसलं: काही नाही.’ जुलै-ऑगस्टची पानंच्या पानं अशी भरलेली आहेत. एकदा मी विचारलं, सर, दिसलंच नाही तर लिहायचं कशाला? ते म्हणाले, ‘‘पाहिलं आणि दिसलं नाही, ही एक गोष्ट. पाहिलंच नाही, ही दुसरी. कोरी जागा ठेवलीस तर उद्या वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतील.’’

तिसऱ्या वहीत 14 मार्च 1986 ची नोंद आहे. पहाटे 4 वाजून 40 मिनिटं, शाळेची गच्ची, आकाश स्वच्छ, आग्नेयेला हॅलेचा धूमकेतू. आम्ही नऊ मुलं होतो. आजीने सांगितलेल्या शेंडेनक्षत्राच्या गोष्टी डोक्यात घेऊन आलो होतो आणि दिसला तो कापसाच्या पुसट बोळ्यासारखा एक ठिपका. काहींचा हिरमोड झाला. पुष्कळ वर्षांनी मला कळलं, की त्याच पहाटे, आम्ही गच्चीवरून उतरत होतो त्या सुमारास, युरोपचं जिओत्तो हे यान त्या धूमकेतूच्या गाभ्यापासून जेमतेम 600 किलोमीटरवरून गेलं होतं. शेवटच्या रकान्यात सरांनी लिहिलंय ‘2061’, आणि त्याखाली पेन्सिलीने, ‘मुलं पाहतील.’

धूमकेतूंचं सगळं शास्त्र या सहाव्या रकान्यावर उभं राहिलेलं आहे. एडमंड हॅलेने 1705 मध्ये 1531, 1607 आणि 1682 या तीन वर्षांतल्या धूमकेतूंच्या कक्षा मांडल्या, त्या जवळजवळ एकीवर एक बसल्या, आणि त्याने सांगितलं की हे तीन नव्हेत, एकच आहे, आणि तो 1758 च्या सुमारास परत येईल. 1742 मध्ये हॅले वारला. 1758 सालच्या 25 डिसेंबरच्या रात्री जर्मनीत ड्रेस्डेनजवळ योहान पालिच नावाच्या एका शेतकऱ्याला, हौसेने आकाश पाहणाऱ्या माणसाला, तो दिसला. गुरुत्वाकर्षणाचा नियम खरा आहे हे लोकांना पटलं ते त्या परत येण्यामुळे. अंदाज करा, वाट पाहा, ताडून बघा. तेव्हापासून आम्हा आकाश पाहणाऱ्यांचा हाच शिरस्ता आहे.

आज मला ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, ते तिघे परत येणार नाहीत. ते सूर्याच्या कुटुंबातले नव्हते, कधीही होणार नाहीत. दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याभोवती घडले, तिथून फेकले गेले, आणि वाटेत आपला सूर्य लागला म्हणून क्षणभर उजळले. वर्तमानपत्रांनी त्यांना पाहुणे म्हटलं. मला तो शब्द बरोबर वाटत नाही. पाहुणा आपल्याकडे म्हणून येतो. हे वाटसरू आहेत. रस्ता आपल्या दारावरून जातो, इतकाच त्यांचा आपला संबंध. पण दारात उभं राहून वाटसरूकडे नीट पाहायचं ठरवलं, तर किती कळू शकतं? आणि जे पुन्हा दिसणारच नाही, त्याच्याबद्दल काढलेला निष्कर्ष ताडून कसा बघायचा?

पहिला दिसला 19 ऑक्टोबर 2017 रोजी. हवाई बेटांवरच्या हालेआकाला या ज्वालामुखीच्या माथ्यावर पॅन-स्टार्स नावाची दुर्बीण आहे. तिच्या छायाचित्रांत रॉबर्ट वेरिक यांना एक भरधाव ठिपका आढळला. कक्षा काढली तेव्हा लक्षात आलं की उशीर झालेला आहे. तो 9 सप्टेंबरलाच सूर्याला वळसा घालून निघाला होता आणि 14 ऑक्टोबरला पृथ्वीपासून सुमारे 2.4 कोटी किलोमीटरवरून गेलाही होता. आपल्याला दिसली ती पाठमोरी आकृती. हवाईच्या भाषेतलं ‘ओउमुआमुआ’ हे नाव त्याला दिलं गेलं: दुरून, सर्वांत आधी आलेला निरोप्या. यादीतलं नाव 1आय. ‘आय’ हे इंटरस्टेलर, म्हणजे आंतरतारकीय, या शब्दाचं आद्याक्षर.

ओउमुआमुआ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांच्या समोर एक लालसर, चिरुटासारखा लांबुळका खडक येतो. ते चित्र आहे. चित्रकाराने काढलेलं, फार सुंदर, आणि जगभर छापलं गेलेलं. पण पृथ्वीवरच्या किंवा अवकाशातल्या कुठल्याही दुर्बिणीला ओउमुआमुआचा आकार दिसलेला नाही. सगळ्यांना दिसला तो प्रकाशाचा एक बिंदू. मोजलं गेलं ते एवढंच, की त्या बिंदूचा उजेड काही तासांच्या फेऱ्यात जवळजवळ दहा पटींनी कमी-जास्त होतो. म्हणजे ती वस्तू गडगडत चालली आहे आणि तिच्या बाजू फार असमान आहेत. लांबुळकी असेल तरी असं होईल, भाकरीसारखी चपटी असेल तरी होईल. पुढच्या काही विश्लेषणांनी चपट्या आकाराकडेच कौल दिला. मोजलेलं आणि मानलेलं यांच्यामध्ये एक बारीक फट असते, आणि चित्र ती फट भरून टाकतं. मी वर्गात हे उदाहरण वर्षानुवर्षं देत आलो आहे.

त्याला शेपूट नव्हती, धूळ नव्हती, वायूचं वलय नव्हतं. तरी 2018 मध्ये कक्षेचं बारकाईने गणित झालं तेव्हा आढळलं, की केवळ सूर्याच्या ओढीने तो जिथे असायला हवा तिथे तो नाही. काहीतरी त्याला सूर्यापासून हलकेच ढकलत होतं. धूमकेतूंच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. तापलेल्या बर्फाची वाफ सुटते आणि तिचा धक्का बसतो. पण इथे वाफ दिसत नव्हती. हार्वर्डचे अवी लोब आणि त्यांचे सहकारी यांनी सुचवलं, की हे एखाद्या परक्या संस्कृतीचं सूर्यप्रकाशावर चालणारं पातळ शीड असू शकेल. प्लूटोसारख्या एखाद्या जगाचा गोठलेल्या नायट्रोजनचा टवका असेल, असं 2021 मध्ये कोणी मांडलं. 2023 मध्ये आणखी एक उत्तर आलं: पाण्याच्या बर्फावर कोट्यवधी वर्षं विश्वकिरणांचा मारा होऊन त्यात हायड्रोजन अडकून बसतो, ऊन लागलं की तो निसटतो, आणि हायड्रोजन आपल्या दुर्बिणींना सहजासहजी दिसत नाही.

मला हे तिसरं उत्तर सगळ्यात पटतं. पण ते पटतं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. लोब यांनी प्रश्न विचारला यात मला काही गैर वाटत नाही. अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथल्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीने 2017 च्या डिसेंबरमध्ये ओउमुआमुआकडे कान लावून पाहिलं; काही ऐकू आलं नाही. सरांच्या वहीतली ही नोंद: पाहिलं, दिसलं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पुरावा जितका तुटपुंजा, तितकी कल्पनेला जागा जास्त. आणि जागा जास्त आहे हाच पुरावा, असं लोकांना वाटू लागलं. 2018 सालच्या जानेवारीत हबल दुर्बिणीने त्याला शेवटचं पाहिलं. एकूण अडीच-पावणेतीन महिन्यांचा दृष्टिलाभ. आता त्या प्रश्नांची उत्तरं ओउमुआमुआ कधीच देणार नाही.

दुसऱ्याने मात्र फारसं कोडं घातलं नाही. 30 ऑगस्ट 2019 च्या पहाटे क्रिमियात गेनादी बोरिसोव्ह यांनी स्वतः बनवलेल्या 65 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून तो टिपला. दुर्बिणी घडवणारा, हौसेने धूमकेतू शोधणारा हा माणूस. पालिचनंतर दोनशे साठ वर्षांनी पुन्हा एकदा हौशी माणसाचीच पहाट फळाला आली, याचा मला फार आनंद झाला होता. 2आय/बोरिसोव्ह हा सरळसरळ धूमकेतू होता, धूळ आणि वायू सोडणारा. फरक होता तो बर्फात. त्याच्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण आपल्याकडच्या धूमकेतूंच्या मानाने फारच जास्त निघालं. म्हणजे तो त्याच्या ताऱ्यापासून दूर, अतिशय थंड जागी घडला असावा. लडाखमधल्या हान्ले इथल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीने त्याची छायाचित्रं आणि वर्णपट घेतले, अबूच्या गुरुशिखरावरच्या दुर्बिणीने छायाचित्रं घेतली, आणि त्यावरचा भारतीय शास्त्रज्ञांचा शोधनिबंध 2021 मध्ये प्रसिद्ध झाला.

आता तिसरा. याच्यापाशी मला जरा थांबायचं आहे.

20 मे 2025 रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले. ‘धूमकेतू’ नावाची कथा लिहिणारे, आणि वातावरणाच्या 41 किलोमीटर उंचीपर्यंत फुगे पाठवून तिथल्या हवेत जीवाणू सापडतात का, बाहेरून इथे काही येतं का, याचा शोध घेणाऱ्या भारतीय प्रयोगांचे पुढारी. त्यानंतर बरोबर बेचाळीस दिवसांनी, 1 जुलैला, चिलीतल्या रिओ उर्तादो इथल्या अॅटलास दुर्बिणीला तिसरा वाटसरू दिसला. ते असते तर काय म्हणाले असते, हा विचार त्या आठवड्यात माझ्यासारख्या कित्येकांच्या मनात आला असेल.

अॅटलास ही रखवालदार दुर्बीण आहे. आरसा अवघा अर्ध्या मीटरचा. पृथ्वीवर आदळू शकेल असा एखादा दगड येतोय का, हे रात्रभर पाहत राहायचं, हे तिचं काम. तिला जे सापडलं ते धनु राशीत, आकाशगंगेच्या ऐन गर्दीत होतं. असंख्य ताऱ्यांत एक मंद ठिपका, सूर्यापासून सुमारे 67 कोटी किलोमीटरवर.

हा आपल्यातला नाही, हे एक-दोन दिवसांत कसं ठरलं? सरांनी हे फळ्यावर मांडून दाखवलं असतं, मी तोंडी सांगतो. सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर एखाद्या वस्तूचा वेग सेकंदाला 42 किलोमीटरहून जास्त असेल, तर सूर्य तिला धरून ठेवू शकत नाही. हा तिथला मुक्तिवेग. अंतर वाढलं की तो कमी होतो. हा ठिपका पृथ्वीच्या साडेचार पट अंतरावर होता. तिथला मुक्तिवेग सेकंदाला साधारण 20 किलोमीटर. आणि त्याचा वेग निघाला 61. सूर्याने दिलेली गती वजा केली तरी 58 किलोमीटर उरतात. हा वेग वर्गांच्या वजाबाकीने येतो: 61 चा वर्ग, त्यातून 20 चा वर्ग वजा, त्याचं वर्गमूळ. शाळेतल्या मुलाला जमेल. ही 58 किलोमीटरची शिदोरी त्याने बाहेरून आणलेली आहे; सूर्याने यातलं काही दिलं नाही, आणि सूर्य ती काढूनही घेऊ शकत नाही. म्हणून त्याची वाट लंबवर्तुळाची नाही, अपास्ताची, म्हणजे परत न मिळणाऱ्या उघड्या वक्राची आहे. उत्केंद्रता म्हणजे कक्षा वर्तुळापासून किती वेगळी आहे याचं माप; अपास्ताची ती 1 पेक्षा जास्त असते. ओउमुआमुआची 1.2 होती, बोरिसोव्हची 3.36. याची 6.1. सूर्याजवळून जातानाही तो फारसा वळला नाही.

सूर्यमाला सोडून निघालेलं आपलं व्हॉयेजर-1 हे यान सेकंदाला 17 किलोमीटरने चाललंय. हा त्याच्या तिपटीहून वेगवान. मागून यान सोडून याला गाठणं शक्य नव्हतं.

3आय/अॅटलासची बातमी जाहीर झाली आणि मग मला फार मोलाची वाटते ती गोष्ट घडली. सगळ्यांनी आपापल्या जुन्या वह्या उघडल्या. अॅटलासच्याच इतर दुर्बिणी आणि कॅलिफोर्नियातल्या पालोमारची झ्विकी सर्वेक्षण दुर्बीण यांच्या साठ्यात तो 14 जूनपासून सापडला. चिलीतली नवी व्हेरा रुबिन वेधशाळा तेव्हा चाचणीच्या टप्प्यात होती. 23 जूनला तिची पहिली छायाचित्रं जगाने पाहिली. तिच्याही चाचणी-छायाचित्रांत तो नकळत टिपला गेला होता. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या टेस उपग्रहाच्या मे महिन्यातल्या नोंदींतही तो निघाला. कुणीही त्याच्यासाठी ती छायाचित्रं घेतलेली नव्हती. पण घेतली होती, तारीख-वेळ घालून जपून ठेवली होती, आणि ज्या रात्री काही विशेष दिसलं नाही त्या रात्रीही जपल्या होत्या. त्या नोंदींमुळे कक्षा झटपट पक्की झाली; तो सूर्याजवळ येण्याआधी जवळपास चार महिने हाताशी आहेत हे समजलं. ओउमुआमुआच्या वेळी हे चार महिने नव्हते.

ते चार महिने कसे वापरले गेले पाहा. 21 जुलैला हबलने पाहिलं आणि सांगितलं की गाभा जास्तीत जास्त साडेपाच किलोमीटर रुंद असेल, कदाचित त्याहून पुष्कळच लहान. धुळीच्या आवरणामुळे तो थेट दिसतच नाही. 6 ऑगस्टला जेम्स वेब दुर्बिणीने अवरक्त किरणांत पाहिलं. त्याच्याभोवतीच्या वायूत पाण्याच्या वाफेच्या सुमारे आठपट कार्बन डायऑक्साइड निघाला. आपल्या धूमकेतूंमध्ये एरवी पाणी वरचढ असतं. चिलीतल्या ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने, तो सूर्यापासून फार दूर असतानाच, त्याच्यातून निकेलची वाफ येताना पाहिली. त्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखकाचं आडनाव मराठी आहे, हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो होतो.

आठपट कार्बन डायऑक्साइड कशामुळे? तो त्याच्या ताऱ्यापासून अशा अंतरावर घडला असेल जिथे हा वायू भरपूर गोठतो. किंवा आतलं पाणी बाहेर यायला उष्णता पुरेशी आत झिरपत नसेल. तिसरं स्पष्टीकरण मला बेचैन करतं. अब्जावधी वर्षं ताऱ्यांमधल्या पोकळीत विश्वकिरणांचा मारा सोसून त्याचा वरचा काही मीटरचा थर पार बदलून गेला असेल, आणि सूर्याने तापवला तो हाच थर. तसं असेल तर आपण त्याच्या जन्मगावाविषयी वाचत नव्हतो, त्याच्या प्रवासाविषयी वाचत होतो. उन्हातान्हात चाललेल्या माणसाच्या रापलेल्या कातडीवरून तो कुठल्या गावचा हे ओळखायला जावं, तसं.

त्याचं वय किती? ऑक्सफर्डच्या एका गटाने त्याचा वेग आणि दिशा यांवरून अंदाज केला, की तो आकाशगंगेच्या जुन्या ताऱ्यांच्या जाड तबकडीतून आलेला असावा आणि त्याचं वय सात अब्ज वर्षांहून जास्त असू शकेल. आपला सूर्य 4.6 अब्ज वर्षांचा. हा अंदाज संभाव्यतेचा आहे, कुणी त्याचा तुकडा हातात घेऊन मोजलेलं वय नाही. तरी हा आकडा खरा असेल तर सूर्य पेटण्याआधीच हा वाटेला लागलेला होता. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो, आणि आज तुम्हाला सांगतानाही आवाज जरा खाली येतोय.

ऑक्टोबरमध्ये पेच आला. नेमक्या सूर्यालगतच्या दिवसांत तो पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या पलीकडे होता. 29-30 ऑक्टोबरला तो मंगळाच्या कक्षेच्या थोडा आत, सूर्यापासून सुमारे 20 कोटी किलोमीटरवर पोचला, तेव्हा आपल्या रात्रीच्या आकाशात तो नव्हताच. पण 3 ऑक्टोबरला तो मंगळापासून सुमारे 3 कोटी किलोमीटरवरून जाणार होता, आणि मंगळाभोवती आपली यानं फिरत आहेत. मंगळाची जमीन न्याहाळायला बनवलेले कॅमेरे आकाशाकडे वळवले गेले. युरोपच्या ट्रेस गॅस ऑर्बिटरने त्याची छायाचित्रं घेतली. पृथ्वीवरून आणि मंगळावरून असे दोन कोन मिळाल्याने त्याची जागा दहापट नेमकी सांगता आली. दुसऱ्या ग्रहाभोवतीच्या यानाने मोजलेलं स्थान कक्षेच्या अधिकृत गणितात धरलं गेलं, असं पहिल्यांदाच घडलं. घराच्या दोन खिडक्यांतून एकाच वाटसरूकडे पाहिलं तर तो किती लांब आहे ते कळतं. आता आपली दुसरी खिडकी मंगळावर आहे.

याच काळात अमेरिकेचं सरकारी कामकाज ठप्प होतं, म्हणून नासाच्या यानांची छायाचित्रं 19 नोव्हेंबरपर्यंत बाहेर आली नाहीत. त्या दीड महिन्यात माझ्या फोनवर रोज विचारणा. सर, ते यान आहे म्हणतात. सर, लपवतायत म्हणतात. माझ्या माजी विद्यार्थ्यांचे आई-वडील, आमच्या गल्लीतले दुकानदार, सगळे विचारत होते. मी कुणालाही उडवून लावलं नाही. ज्याला भीती वाटते किंवा कुतूहल वाटतं, तो आकाशाकडे पाहतोय. ते मला हवंच आहे. प्रत्येकाला मी एकच विचारत असे: यातलं मोजलेलं काय आहे? मोजलेलं होतं ते असं: धूळ, कार्बन डायऑक्साइड, पाणी, सायनोजेन, निकेल. तापल्यावर उजळणं. सूर्याच्या उष्णतेने वायू सुटल्याने कक्षेत पडलेला किंचित फरक. हे सगळं धूमकेतूचं वागणं आहे, अनोळखी प्रदेशातल्या का होईना. कक्षा ग्रहांच्या प्रतलाशी पाच अंशांच्या आत जुळते, हे खरंच नवलाचं आहे. पण नवल वाटणं हे मोजमाप नव्हे.

उलटी बाजूही सांगायला हवी. आपणही वाटसरू पाठवले आहेत. 1980 साली सापडलेला बोवेलचा धूमकेतू त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुरूच्या जवळून गेला आणि गुरूने त्याला असा झटका दिला, की त्याची उत्केंद्रता 1.057 झाली. तो आपल्याच सूर्यमालेत जन्मलेला, आता कायमचा बाहेर चालला आहे. सूर्यमाला नवी होती तेव्हा गुरू आणि शनी यांनी असे किती भिरकावले असतील याची गणती नाही. 3आय ला त्याच्या घरातून असंच कुण्या मोठ्या ग्रहाने हाकललं असावं.

यापुढे काय, हे थोडक्यात सांगतो. रुबिन वेधशाळा 8.4 मीटरच्या आरशाने दहा वर्षं दक्षिणेचं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे, त्यामुळे चौथा, पाचवा, दहावा दिसेल अशी आशा बांधायला हरकत नाही. युरोप आणि जपान मिळून 2029 मध्ये ‘कॉमेट इंटरसेप्टर’ नावाचं यान सोडू पाहतायत. ते आधी जाऊन अवकाशात थांबेल आणि योग्य धूमकेतू येताना दिसला की त्याच्या वाटेवर जाऊन उभं राहील. मागे धावून न गाठता येणाऱ्याची वाट अडवून उभं राहायचं, ही कल्पना मला फार आवडते.  16 मार्च 2026 रोजी 3आय गुरूपासून साधारण 5.4 कोटी किलोमीटरवरून जाईल, आणि मग जाईल तो जाईलच.

19 डिसेंबरला तो पृथ्वीच्या त्यातल्या त्यात जवळ होता. जवळ म्हणजे 27 कोटी किलोमीटर. मार्गशीर्षातली अमावास्या होती, चंद्राचा अडथळा नव्हता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे आठ इंची दुर्बीण आहे. ती गाडीत घालून आम्ही चौघं पुरंदर तालुक्यातल्या एका माळावर गेलो. बोचरी थंडी, लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, ज्वारीच्या रानात राखणीला आलेले एक आजोबा शेकोटी सोडून आमच्यापाशी येऊन बसले. पोरांनो काय बघताय, म्हणाले. आम्ही सांगितलं. ते बराच वेळ सिंह राशीकडे बघत राहिले, जिथे नुसत्या डोळ्यांना काहीच नव्हतं.

दुर्बिणीतूनही डोळ्यांना खात्रीचं काही दिसेना. मग तीस-तीस सेकंदांची छायाचित्रं घेऊन एकावर एक रचली. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तेव्हा ताऱ्यांच्या बारीक टिंबांमध्ये एकच धूसर डाग आपली जागा सोडून सरकलेला होता. तो प्रकाश पंधरा मिनिटांपूर्वी त्याच्याकडून निघालेला. आजोबांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी बोटाने तो डाग दाखवत विचारलं, ‘‘ह्यो चाललाय व्हय?’’

काकूंची परवानगी घेऊन मी सरांच्या अकराव्या वहीतल्या उरलेल्या पानांवर ती नोंद केली. पाच रकाने सहज भरले. सहाव्यापाशी पेन थांबलं. कोरा सोडावा असं आधी वाटलं. पण मग सरांचं बोलणं आठवलं. कोरा रकाना वाचणाऱ्याला सांगेल की याने तारीख काढलीच नाही. मी कागद घेऊन बसलो आणि 61 च्या वर्गातून 20 चा वर्ग वजा केला. मग लिहिलं:

तारीख: 20 डिसेंबर 2025. वेळ: पहाटे 2 वाजून 50 मिनिटं. जागा: पुरंदर, माळरान. आकाश: स्वच्छ, पश्चिमेला शहराचा उजेड. काय दिसलं: 3आय/अॅटलास, कॅमेऱ्यातून, पुसट, अर्ध्या तासात सरकलेला. पुन्हा केव्हा?: नाही. हिशेब केला आहे.